फॉरमॅट मारण्याआधी डिस्कची प्रतिमा घेतली जावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरचा संगणक चालेनासा झाला की दुरुस्तीच्या दुकानात बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येते: "फॉरमॅट मारावा लागेल, तुमचा डेटा कॉपी करून ठेवतो." सांगणारा कारागीर प्रामाणिक असतो आणि डेस्कटॉपवरचे फोटो, डॉक्युमेंट्समधली कागदपत्रे तो खरोखरच बाजूला काढून ठेवतो. परंतु संगणक घरी आणून सुरू केला की एकेक उणीव ध्यानात येऊ लागते. प्रिंटर ओळखला जात नाही, जुन्या ईमेलचा साठा दिसत नाही, ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड गेलेले असतात, हिशेबाची प्रणाली पुन्हा नोंदणी क्रमांक मागते, आणि मराठीत काम करणाऱ्याचे फॉन्ट तर हमखास राहून गेलेले असतात. फॉरमॅट मारण्याआधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे या व्यवसायातले लोक जिला 'इमेज' म्हणतात ती, घेणे हा दुरुस्तीचा पहिला टप्पा मानला जावा, ग्राहकाने ती आग्रहाने मागावी आणि दुकानदाराने ती घेतल्याखेरीज डिस्क पुसू नये, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकच्या पंचवटीत राहते आणि गेली २२ वर्षे घरीच मराठी अक्षरजुळणीचे काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, एखाददुसरा छोटा दिवाळी अंक, असे त्या कामाचे स्वरूप आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून असली, तरी छपाईच्या व्यवसायात तिच्याआधीच्या पद्धतीचे फॉन्ट पुढेही कितीतरी वर्षे चालत राहिले आणि माझ्याकडच्या जुन्या कामाचा मोठा भाग त्यांतच आहे. त्या पद्धतीत 'क' हे अक्षर फाइलमध्ये 'क' म्हणून नोंदलेले नसते. तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते आणि तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असेल तरच ते 'क' म्हणून दिसते. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात वारंवार वीज जाऊन माझा संगणक बंद पडला, तेव्हा एका दुकानाने फॉरमॅट मारून तो दोन दिवसांत परत दिला. माझ्या सर्व फाइल्स डीव्हीडीवर सुरक्षित होत्या, एकही गहाळ नव्हती. पण उघडल्यावर प्रत्येक पानावर नुसती चिन्हांची रांग दिसत होती, कारण अक्षरजुळणीची प्रणाली आणि तिचे फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर गेले होते. तिची मूळ सीडी चरे पडून निकामी झालेली होती आणि नोंदणी करून देणाऱ्या विक्रेत्याने व्यवसाय बंद केलेला होता. पुन्हा काम सुरू व्हायला ११ दिवस लागले. त्या काळात एका घरच्या लग्नपत्रिका मला वेळेवर देता आल्या नाहीत, याचे वाईट अजूनही वाटते. फाइल्सची नक्कल असणे आणि संगणक परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या ११ दिवसांत कळले.

डिस्कची प्रतिमा म्हणजे फाइल्सची यादी करून केलेली नक्कल नव्हे. डिस्कचे भाग कसे पाडले आहेत त्याचा तक्ता, संगणक सुरू होताना सर्वप्रथम वाचला जाणारा छोटा लपलेला भाग, दुरुस्तीसाठी राखलेला भाग, आणि सी ड्राइव्हवरचा विंडोजसह सगळा ऐवज, हे जसेच्या तसे त्यांच्या जागांसकट उचलून एका किंवा अनेक फाइल्समध्ये बांधून ठेवणे म्हणजे प्रतिमा. नुसते विंडोजचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर ओढून ठेवले तर त्यातून संगणक सुरू होत नाही, कारण चालू असलेल्या विंडोजने रजिस्ट्रीसारख्या (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) कित्येक फाइल्स कुलूपबंद ठेवलेल्या असतात आणि सुरू होण्याची व्यवस्था मुळात त्या फोल्डरच्या बाहेरच असते. प्रतिमा परत बसवली की मात्र ज्या क्षणी ती घेतली त्या क्षणाचा संगणक जसाच्या तसा समोर येतो: तेच फॉन्ट, तोच प्रिंटर, तीच नोंदणी, पडद्यावर चिन्हांची मांडणीसुद्धा तीच. चांगल्या प्रणाली डिस्कचा वापरलेला भागच उचलतात आणि तोही दाबून लहान करतात. त्यामुळे ५०० जीबीच्या डिस्कवर १२० जीबी भरलेले असेल तर प्रतिमेला १२० जीबीपेक्षा कमीच जागा पुरते, मात्र फोटो आणि चित्रफिती आधीच दाबलेल्या असल्यामुळे त्यांच्यात फारशी बचत होत नाही. वेळही लोकांना वाटतो तितका लागत नाही. बाहेरची डिस्क यूएसबी ३ च्या खाचेत लावून सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तर १२० जीबीला साधारण २० मिनिटे लागतात. जुन्या यूएसबी २ ला तेच काम तासाभराहून थोडे अधिक घेते.

हे तंत्र नवे अजिबात नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली 'घोस्ट' ही प्रणाली सिमँटेक या कंपनीने १९९८ मध्ये विकत घेतली आणि पुढे ती 'नॉर्टन घोस्ट' या नावाने घरोघर पोहोचली. सायबर कॅफेच्या काळात एक संगणक नीट तयार करून बाकीच्या सर्वांवर 'घोस्ट मारणारे' कारागीर अनेकांना आठवत असतील. घरगुती वापरासाठीची ती प्रणाली २०१३ मध्ये विक्रीतून गेली आणि त्याबरोबर ही सवयही मागे पडली असावी, असे मला वाटते. आज तैवानमध्ये विकसित झालेली क्लोनझिला पूर्णपणे विनामूल्य आहे. तिचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू केला की विंडोज सुरू न करताच डिस्कची प्रतिमा घेता येते. तिचा निळा-करडा, नुसत्या मजकुराचा पडदा पाहून ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी रेस्क्यूझिला आहे, जी तेच काम माउसने करू देते आणि क्लोनझिलाच्या प्रतिमाही वाचते. मॅक्रियम रिफ्लेक्ट या अशाच आणखी एका प्रणालीची विनामूल्य आवृत्ती अनेकांच्या ओळखीची होती, पण तिला मिळणारा कंपनीचा आधार आता संपलेला आहे.

विंडोजमध्येही प्रतिमा घेण्याची सोय आहे आणि ती कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' या नावाखाली सापडते. मायक्रोसॉफ्टने मात्र २०१७ मध्येच ही सोय पुढे विकसित केली जाणार नसल्याचे सांगून इतर कंपन्यांच्या प्रणाली वापरण्याचा सल्ला दिला आहे. या ठिकाणी नावांचा जो गोंधळ आहे तो सामान्य माणसाला फार महागात पडतो. 'सिस्टम रिस्टोअर' विंडोजच्या फाइल्स आणि रजिस्ट्री मागच्या तारखेला नेते. डिस्कच निकामी झाली तर तिचा काही उपयोग नाही आणि पुसलेला फोटोही ती परत आणत नाही. 'फाइल हिस्टरी' फक्त फाइल्स जपते. 'रिसेट' केल्यावर बाहेरून टाकलेल्या प्रणाली निघून जातात, "माझ्या फाइल्स ठेवा" हा पर्याय निवडला तरीही. विंडोज ११ मधला नवा बॅकअप काही सेटिंग्ज आणि ठरावीक फोल्डर वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठ्यात, पाठवतो, जिथे विनामूल्य जागा ५ जीबी आहे. या चार साधनांपैकी एकही संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेत नाही. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी रिस्टोअर पॉइंट (सिस्टम रिस्टोअर ज्या जुन्या नोंदीकडे परत नेते ती) चालू असल्याच्या भरवशावर वर्षानुवर्षे दुसरी कोणतीच प्रत ठेवली नव्हती. डिस्क गेल्यावर तो पॉइंट त्याच डिस्कवर होता, ही गोष्ट त्यांना दुकानात कळली.

आता जे सांगायचे आहे त्यासाठी वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण प्रतिमा घेणाऱ्यांपैकीही अनेकजण इथेच फसतात आणि मीही फसले. पहिल्या अनुभवानंतर मी दर तीन महिन्यांनी क्लोनझिलाने प्रतिमा घेऊ लागले. ही प्रणाली मोठी प्रतिमा एका फाइलमध्ये न ठेवता तिचे तुकडे करते. एकदा मी प्रतिमेचे ते फोल्डर एका जुन्या डिस्कवर हलवत असताना वीज गेली आणि नंतर नक्कल पूर्ण झाली असे समजून मी मूळ फोल्डर पुसून टाकले. शेवटचे तुकडे पोहोचलेच नव्हते. काही महिन्यांनी विंडोजच्या एका अपडेटनंतर संगणक सुरू होईना, म्हणून मी प्रतिमा परत बसवायला घेतली. बसवण्यापूर्वी तपासणी करू का, असे प्रणालीने विचारले होते. तपासणीला वेळ लागतो म्हणून मी नाही असे उत्तर दिले. प्रतिमा बसवताना सर्वप्रथम डिस्कवरचे जुने भाग पुसून नवा तक्ता लिहिला जातो आणि मग माहिती ओतली जाते. ओतण्याचे काम अर्ध्याहून पुढे जाऊन थांबले. ज्या डिस्कवर निदान माझ्या फाइल्स तरी शाबूत होत्या, तिच्यावर आता ना जुना संगणक उरला होता ना नवा. त्याआधीच्या तिमाहीची प्रतिमा दुसरीकडे होती म्हणून मी वाचले, पण मधल्या तीन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले.

म्हणून प्रतिमा घेतली, एवढ्यावर कोणीही निश्चिंत होऊ नये. घेतल्यावर लगेच, आणि हलवल्यावर पुन्हा, तिची तपासणी करावी. जवळजवळ सर्व प्रणालींत तशी सोय असते. संगणक सुरू करून देणारा पेन ड्राइव्ह आधीच बनवून, त्यावरून आपला संगणक खरोखर सुरू होतो का आणि बाहेरची डिस्क तिथून दिसते का, हे संगणक चांगला असतानाच पाहून ठेवावे. कोणत्या कंपनीच्या संगणकावर एफ १२, कुठे एफ ९ तर कुठे एस्केप दाबावे लागते, ही शोधाशोध संकटाच्या रात्री करण्याची वेळ येऊ नये. आणि शक्य असेल तर एकदा तरी प्रतिमा दुसऱ्या, रिकाम्या डिस्कवर बसवून, ती डिस्क संगणकात लावून, विंडोज उघडते का ते पाहावे. मी यासाठी एक वापरलेली डिस्क विकत घेतली. ज्या संध्याकाळी तिच्यावरून माझा संगणक जसाच्या तसा सुरू झाला आणि २००६ सालचा एक अहवाल स्वच्छ मराठीत उघडला, त्या संध्याकाळपासूनच मला माझ्या प्रतिमांवर खरा विश्वास बसला.

डिस्कच्या मापाबद्दल एक सावधगिरी मुद्दाम नोंदवते, कारण सध्या जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवून घेण्याकडे सर्वांचा कल आहे. दुकानात ५०० जीबीच्या हार्ड डिस्कऐवजी ४८० जीबीची एसएसडी सर्रास दिली जाते. वापरलेली जागा १२० जीबीच असली, तरी क्लोनझिलासारखी प्रणाली मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर प्रतिमा बसवायला सहसा तयार होत नाही. अशा वेळी प्रतिमा घेण्याआधीच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसून घ्यावा लागतो, किंवा तितक्याच वा मोठ्या मापाची डिस्क घ्यावी लागते. बाहेरची डिस्कही जुन्या फॅट ३२ पद्धतीने तयार केलेली नसावी, कारण तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच एक फाइल राहू शकत नाही. ती एनटीएफएस या विंडोजच्या नंतरच्या पद्धतीने तयार केलेली असावी. वेगळ्याच संगणकावर प्रतिमा बसवली तर मदरबोर्ड (संगणकातली मुख्य पाटी) आणि डिस्क नियंत्रकाचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग विंडोजला चालवता यावेत यासाठीच्या छोट्या प्रणाली, जुळतीलच असे नाही, आणि विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. त्याच संगणकावर परत बसवताना हा प्रश्न येत नाही.

नव्या लॅपटॉपांमध्ये डिस्कचे कूटलेखन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती ठेवणे, पुष्कळदा आपोआप चालू झालेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. हे कूटलेखन करणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकर या सोयीची ४८ अंकी रिकव्हरी की (डिस्क उघडण्याची किल्ली) कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. ती नसेल, तर मदरबोर्ड बदलल्यावर समोर दिसणारी शाबूत डिस्कही उघडत नाही.

प्रतिमा ठेवायची कुठे, याबाबत छायाचित्रकारांमध्ये रुळलेला एक नियम मला पटतो: माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले त्यावरून गोदावरीच्या पुराचा अंदाज घेणाऱ्या आपल्या शहराला 'दुसरी जागा' म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांमध्ये काठालगतच्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरले होते. संगणक आणि त्याची प्रतिमा एकाच टेबलावर, एकाच तळमजल्यावर असतील तर दोन्ही एकाच पाण्यात जातील. माझी एक डिस्क घरी असते आणि एक नाशिकरोडला बहिणीकडे असते. सणावाराला जाणे झाले की अदलाबदल होते. आणि घरची डिस्कही काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण २०१७ च्या वॉनाक्रायसारखा खंडणीचा विषाणू संगणकात शिरला तर जोडलेल्या सर्व डिस्कवरच्या फाइल्स तो कुलूपबंद करतो आणि त्यांत प्रतिमाही येतात.

एका परिस्थितीत मात्र माझी ही विनंती थोडी वेगळ्या शब्दांत मांडली पाहिजे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइल उघडायला मिनिटे लागत असतील, तर नेहमीच्या पद्धतीने प्रतिमा घेण्याचा किंवा डिस्क तपासणीची आज्ञा चालवण्याचा हट्ट धरू नये. अशा डिस्कवरचा प्रत्येक ताण तिचे आयुष्य कमी करतो. डीडीरेस्क्यू नावाची विनामूल्य प्रणाली आधी सहज वाचता येणारे भाग काढून घेते आणि खराब भागांकडे शेवटी वळते; जाणकाराकडून तिचा वापर करून घ्यावा. एसएसडी तर पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते, आणि तिच्यावरून पुसलेली माहिती परत मिळवणेही हार्ड डिस्कपेक्षा बरेच अवघड असते. म्हणून एसएसडी असलेल्यांनी दुरुस्तीची वेळ येण्याची वाट न पाहता आजच प्रतिमा घ्यावी.

हा विषय आत्ताच मांडण्याचे कारण असे की, विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यानंतर विंडोज ११ टाकून घेण्यासाठी किंवा संगणकच बदलण्यासाठी लोक दुकानांत जात आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि ठरावीक पिढीपासूनचे प्रोसेसरच चालतात, त्यामुळे जुन्या संगणकांवर फॉरमॅट आणि फेरफार यांचे प्रमाण वाढणे स्वाभाविक आहे. विंडोज १० वरून ११ वर गेल्यानंतर मागे फिरण्यासाठी विंडोज स्वतः फक्त १० दिवसांची मुदत देते, आणि फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली असेल तर तीही मिळत नाही. ज्याच्याजवळ आधीची प्रतिमा आहे त्याला सहा महिन्यांनीही आपला जुना संगणक, जुन्या फॉन्टसह, परत उभा करता येतो. मराठी मुद्रणाचे, छोट्या संस्थांच्या हिशेबांचे आणि सोसायट्यांच्या नोंदींचे किती काम या शहरातल्या अशा जुन्या संगणकांवर अजून पडून असेल, याचा विचार केला की माझा जीव खरोखर कासावीस होतो.

दुकानदार बंधूंच्या अडचणी मला ठाऊक आहेत. प्रतिमा घेण्यात त्यांचे टेबल तास-दोन तास अडकते आणि ग्राहक त्याचे वेगळे पैसे द्यायला तयार नसतो. ते पैसे ग्राहकाने द्यावेत, असेच मी म्हणेन, आणि डिस्कही स्वतःची न्यावी. प्रतिमेत आपल्या आधार कार्डाच्या प्रती, बँकेचे व्यवहार, घरचे फोटो, सगळेच असते. ती दुकानाच्या डिस्कवर राहू नये आणि राहिली तर काम झाल्यावर आपल्यासमोर पुसली जावी, याचा आग्रह धरण्यात कोणाचाही अपमान नाही. दुरुस्तीच्या पावतीवर मॉडेल आणि तक्रार यांच्या खाली एकच रकाना वाढवावा: 'डिस्कची प्रतिमा घेतली का, तपासली का, ग्राहकाला दिली का', आणि त्याखाली दोघांच्या सह्या असाव्यात. आपल्या शहरातील दुकानदारांनी एकत्र बसून हा रकाना पुढच्या पावतीपुस्तकापासून छापून घ्यावा, आणि आपल्या वृत्तपत्राने ही सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवावी, ही नम्र विनंती.

आपली एक वाचक,
पंचवटी, नाशिक